पांढरा पडलेला पट्टा

“सर, तुमचं रक्त कुठलं?”

बिराप्पानं प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी अकराच्या तासासाठी बेडकांचे ट्रे मांडत होतो. बिराप्पा आमच्या प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई. त्याच्या वस्तीवर बिरोबाची जत्रा होती, म्हणून त्यानं तीन दिवसांची रजा टाकली होती. तो असा अचानक, डोक्याला पटका नाही, पायात चप्पल नाही, दारात उभा होता.

“बी पॉझिटिव्ह,” मी म्हणालो. “का? काय झालं?”

“मग जमंल बहुतेक. डॉक्टर म्हणालं, रक्त द्यायला दोन माणसं आणून ठेवा. तायव्वाचं आतडं फुटलंय. एक वाजता पोट फाडायचं म्हणत्यात.”

तायव्वा त्याची एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन शेजारच्या गावी गेलेली, जत्रेसाठी माहेरी आली होती.

“असं एकाएकी आतडं कसं फुटेल?”

“काय म्हाईत. पाटं चांगली हुती. चुलीचं दगड आणाय गेलती माळावर.” तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. “देवाच्या निवदाची चूल नव्या दगडाची लागती आमच्यात. एकदा जाळ लागल्याला दगड चालत न्हाई. जागचा हलल्याला बी चालत न्हाई. गवतात रुतून बसल्याला, कुणी हात न लावल्याला हुडकून काढायचा. तसलं तीन दगड घिऊन आली. म्हणली, बोटाला कातीण चावली.”

त्यांच्या वस्तीवर कोळ्याला कातीण म्हणत.

“मग?”

“मग काय न्हाई. टाचणी टोचल्यागत झालं म्हणली. तासाभरानं काखंत गोळा आला. मग कंबर धरली. मग पोट. सर, पोट असं झालंय, पाट्यावर हात ठेवल्यागत लागतंय. घामानं समदं पातळ भिजलं. बैलगाडीत घालून आणली.”

“कोळी चावला, हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं की. पर म्याच म्हणलं, त्याचं काय न्हाई. आमच्या सरांनी पुस्तकात बगून चिठ्ठी लावलीया, ती कातीण काय करत न्हाई. डॉक्टर म्हणालं, बरोबर हाय, कातिणीनं कुटं पोट फुटतं व्हय.”

हातातला ट्रे मी टेबलावर ठेवला. 

भिंतीकडच्या कपाटात तिसऱ्या फळीवर ती बरणी होती. स्पिरिटमध्ये एक काळा कोळी, वाटाण्याएवढं गोल पोट, त्याच्या पाठीवर एक मळकट पांढरा पट्टा. बरणीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘स्टिॲटोडा. दगडाखाली आढळतो. निरुपद्रवी.’ वर्षापूर्वी मी दिवाळीच्या सुट्टीत कोकणात घरी गेलो असताना बिराप्पानं तो पकडून बरणीत घातला होता. मी महिन्यानं परतलो. पुस्तकं काढली. ज्या विषारी कोळ्याशी त्याचं रूप जुळत होतं, त्याच्या पाठीवर लाल पट्टा असतो. याचा पांढरा होता.

“बिराप्पा,” मी विचारलं, “आज चावला त्याचा पट्टा कुठल्या रंगाचा?”

“लाल.”

“तुम्ही पाहिलात?”

“तिनं दगड टाकला तिथंच हुती की ती. लालभडक रेघ. हीच कातीण, सर, दुसरी कुटली? आमच्या माळावर काळी ही एकच.”

“पण बरणीतल्याचा पांढरा आहे.”

बिराप्पानं माझ्याकडे बघितलं. एखाद्या लहान मुलानं काहीतरी विचारावं आणि मोठ्याला नवल वाटावं, तसं.

“ती बरणीत घातल्यावर पांढरी पडली न्हवं का, सर. धरली तवा लालच हुती. आठ-पंधरा दिसात रंग उतरला. औशीदच तसलं हाय ते. बेडकाचा हिरवा बी उतरतोय की.”

वर्षभर बिराप्पा माझ्या समोर होता. मी एकदाही त्याला विचारलं नव्हतं.

मला खाली बसावंसं वाटलं. पण बसलो असतो तर उठलो नसतो. मी जाडं इंग्रजी पुस्तक काढलं आणि उभ्यानंच पान उलगडलं. लॅट्रोडेक्टस. इंग्रजीत या कोळ्याला विधवा म्हणतात, मादी कधीकधी नराला खाऊन टाकते म्हणून. वस्ती: कोरडी माळरानं, न हलवलेले दगड, खुरट्या झुडपांची बुडं. दंशाची लक्षणं बारीक टायपात होती. दंशाच्या जागी फारसं काही दिसत नाही. काखेत किंवा जांघेत गाठ. अतिशय घाम. पोटाचे स्नायू लाकडासारखे ताठ. आणि शेवटी एक वाक्य, जे मी वर्षापूर्वी वाचलं होतं आणि विसरलो होतो: आतडं फुटल्याचा समज होऊन अशा रोग्यांवर विनाकारण शस्त्रक्रिया झालेल्या आहेत, आणि काही त्यात दगावले आहेत.

“चला,” मी म्हणालो. बरणी आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

“रक्त द्यायला?”

“रक्त लागणार नाही. चला.”

हे मी इतक्या खात्रीनं म्हणालो, की माझं मलाच खरं वाटेना.

दवाखाना कॉलेजपासून दहा मिनिटांवर होता. डॉक्टर उपळेकर दणकट बांध्याचे, मोठ्या आवाजाचे. सर्जन म्हणून त्यांचं नाव होतं आणि ते नाव खोटं नव्हतं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, तात्पुरत्या नेमणुकीवरचा डेमॉन्स्ट्रेटर. वर्गातल्या पोरांसमोरसुद्धा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही.

खाटेवर तायव्वा एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दात घट्ट मिटलेले. कपाळावरून घाम निथळत होता आणि तिची आई, बनव्वा, तो पदरानं टिपत होती. टिपला की लगेच पुन्हा यायचा. मला बघून तायव्वानं डोळे उघडले.

“सर,” ती दातांतून म्हणाली, “तळपाय जळत्यात. आगीवर ठेवल्यागत.”

तळपायांची आग पण पुस्तकात होती.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ते उभ्यानंच चहा पीत होते.

“डॉक्टर, त्या मुलीला… म्हणजे, मला असं वाटतं की… तो कोळी असू शकेल.”

“कोण तुम्ही?”

“आठल्ये. कॉलेजमध्ये प्राणिशास्त्राला…”

“अच्छा, ते चिठ्ठीवाले सर! तुम्हीच ना सांगितलंत निरुपद्रवी म्हणून?”

‘हो, ते माझं चुकलं.’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द.

“हा वेगळा असावा,” मी म्हणालो. “विषारी. त्याच्या विषानं पोट असं ताठ होतं. पुस्तकात…”

“असावा?” त्यांनी कप ठेवला. “आठल्ये, पोटाला हात लावून बघा तिच्या. अशी पोटं मी वीस वर्षं उघडतोय. ताप नाही, एवढंच जरा मला खटकतंय. पण मी थांबलो आणि खरंच आतडं फुटलेलं निघालं, तर संध्याकाळपर्यंत ती जाईल. मग तिच्या बापाला तुम्ही पुस्तक वाचून दाखवणार?”

मी पिशवीत घातलेला हात बाहेर काढला.

“भूल देणारे मिरजेहून निघालेत. एक वाजता मी तिला टेबलावर घेतोय. तोवर तो कोळी मला दाखवा. आमच्याकडे सगळे ‘काहीतरी काळं चावलं’ म्हणत येतात. मला वस्तू हवी. जिवंत. आणि ती हीच, हे छातीठोक सांगणारा माणूस हवा. ‘असावा’वाला नको.”

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

बिराप्पानं दवाखान्यातल्या कंपाउंडरची सायकल मागून घेतली. मी मागे बसलो. वस्ती सहा किलोमीटर. कार्तिकातलं ऊन, पण वाऱ्याला गारवा होता. एका चढावर उतरून चालावं लागलं तेव्हा तो म्हणाला, “सर, ती जगंल न्हवं?”

“जगेल.”

“मग तुमी एवडं भ्याल्यागत का दिसताय?”

मी म्हणालो, चढामुळे दम लागलाय.

माळ लांबवर पसरलेला होता. पिवळं कुसळी गवत, मधूनमधून काळे दगड, एखादं बोरीचं झुडूप. दूर बिरोबाच्या देवळापाशी ढोल वाजत होते. जत्रा थांबलेली नव्हती, आणि त्या ढोलांमुळे मला उगीचच कोणीतरी घाई करतंय असं वाटत होतं. तायव्वानं दगड उचलले होते त्या तीन जागा बिराप्पानं दाखवल्या. तीन ओलसर खळगे. तिथं आता काही नव्हतं.

“जागा मोडली की ती जाती,” बिराप्पा म्हणाला. “दुसऱ्या दगडाखाली बगाय लागंल.”

तो वाकला आणि त्यानं एका दगडाखाली नेहमीसारखा हात घातला.

“हात काढा!” मी ओरडलो.

तो दचकून मागे झाला. आपल्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं तो हात धोतराला पुसला, दोनदा, जणू काही लागलंच होतं. तोपर्यंत, मला वाटतं, त्याच्या मनातली भीती तायव्वापुरतीच होती. त्या क्षणी ती त्याच्याही अंगात शिरली. त्यानंतर त्यानं एकही दगड हातानं उचलला नाही. बोरीची काठी तोडून तो कडेनं दगड उलथू लागला, आणि प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघायचा.

मी पुस्तकात वाचलेलं आठवत होतो. जाळं सुबक चक्रासारखं नसतं. गुंता असतो, जमिनीलगत, दगडाच्या कडेपासून गवताच्या बुडापर्यंत. खाली खाल्लेल्या भुंग्यांची टरफलं पडलेली असतात. पहिल्या वीस-पंचवीस दगडांखाली विंचू निघाले, एक गोम निघाली, वाळवी निघाली. सापडेल याची भीती आणि सापडणार नाही याची भीती, दोन्हींत मोठी कुठली हे मला ठरवता येत नव्हतं. घड्याळात साडेअकरा झाले.

मग एका दगडाच्या कडेला मला काळ्या भुंग्यांची टरफलं दिसली. दहा-बारा, एकावर एक. वर गवतातून आलेले धागे होते. मी काडीनं एक धागा ओढला. साधं जाळं आवाज न करता तुटतं. हा धागा ताणला गेला, ताणला गेला, आणि कट् करून तुटला. मला तो आवाज आजही ऐकू येतो.

“हिथं,” मी म्हणालो.

बिराप्पानं काठी घालून दगड उचलला. खालच्या अंगाला, दगडालाच उलटी लटकलेली ती होती. चकचकीत काळी, ओल्या शाईसारखी. शेजारी पिवळसर कापसाच्या दोन गोळ्या, तिची अंडी. पोटाखाली लाल ठिपका, डमरूच्या आकाराचा. आणि ती वळली तेव्हा पाठीवरचा पट्टा दिसला. कुंकवाची बोटं ओढावी तसा लाल.

एवढीशी होती. मला वाटलं होतं, ती मोठी असेल.

“दगड तसाच धरा,” मी म्हणालो. दवाखान्यातून एक रिकामी बरणी मी मागून आणली होती. एका हातात बरणी, दुसऱ्या हातात खिशातलं पोस्टकार्ड. कार्डानं तिला ढकलायचं आणि बरणीत पाडायचं. विद्यार्थ्यांना मी हे शंभरदा दाखवलं होतं, झुरळांवर. कार्ड तिला लागलं आणि ती पडली. पण बरणीत नाही. माझ्या शर्टाच्या बाहीवर.

मी गोठलो. ती मनगटाकडे चालू लागली, अगदी सावकाश, अवघडल्यासारखी. जाळ्याबाहेर ती नीट चालू शकत नाही हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा मला काडीचाही उपयोग नव्हता. बाहीचं बटण तुटलेलं होतं. आत उघडं मनगट.

“सर, हलू नका,” बिराप्पा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “हलू नका, माज्या बापा.”

त्यानं काठी टाकली. माझ्या हातातून बरणी घेतली आणि तिचं तोंड माझ्या मनगटापुढं धरलं, त्याची बोटं कातिणीपासून जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या अंतरावर. आम्ही दोघंही श्वास घेत नव्हतो. ती थांबली. पुढचे पाय उचलून काचेला लावले. मग आत गेली. बिराप्पानं झाकण लावलं आणि बरणी जमिनीवर ठेवून तो तिथंच खाली बसला. मग त्यानं तोंड वळवलं. तो रडत होता की ओकत होता, मी बघितलं नाही.

परत येताना उतार होता. बारा पन्नासला आम्ही पोचलो. भूल देणारे डॉक्टर येऊन हात धूत होते. तायव्वाला स्ट्रेचरवर घेतलं होतं आणि स्ट्रेचर व्हरांड्यात, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात होतं. तिचे डोळे मिटलेले होते. उपळेकर हिरव्या झग्यात होते.

मी बरणी पुढं केली. पुस्तक उघडून चित्र दाखवलं. त्यांनी बरणी उन्हात धरली, फिरवली, चित्राकडे बघितलं, पुन्हा बरणीकडे. त्यांनी बारीक टायपातला मजकूर वाचला. ‘विनाकारण शस्त्रक्रिया’ या वाक्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

“हीच?”

“हीच.”

मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. पहिली बरणी तोंडाशी दिसत होती. त्यांनी ती उपसून काढली, चिठ्ठी वाचली आणि दोन्ही बरण्या शेजारी शेजारी धरल्या.

“आणि हा? हा पण काळाच. आकार तोच. इथं तुम्ही लिहिलंय निरुपद्रवी. आठल्ये, एकच प्राणी एका बरणीत निरुपद्रवी आणि एका बरणीत विषारी? तुमच्या कुठल्या शब्दावर मी सुरी खाली ठेवू?”

या क्षणाबद्दल मी चाळीस वर्षं विचार करतोय.

खरं सांगायचं तर मी म्हणायला हवं होतं: दोन्ही एकच आहेत. स्पिरिटनं लाल रंग गेला. मी चुकलो. आणि त्याहूनही खरं सांगायचं तर, मी नुसता चुकलो नव्हतो. या दोन कोळ्यांत फरक डोळ्यांवरून करतात. कडेच्या डोळ्यांच्या जोड्या एकमेकांना चिकटलेल्या असतील तर निरुपद्रवी, सुट्या असतील तर विषारी. वर्षापूर्वी मी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोळे बघितले होते. मला ते सुटे दिसले होते. पण मी स्वतःला म्हणालो, तुला नीट दिसलं नसेल. गावात विषारी कोळी आहे म्हणायचं, म्हणजे विभागप्रमुखांपुढं जाऊन उभं राहायचं, ते दहा प्रश्न विचारणार, आणि मला उत्तर येणार नाही. पट्टा पांढरा होता. मी पट्ट्यावर विश्वास ठेवला आणि चिठ्ठी लिहिली.

आता मी चुकलो म्हटलं, तर डॉक्टर म्हणणार, जो एकदा चुकला तो दुसऱ्यांदा कशावरून बरोबर. आणि तिला आत नेणार. असं मला वाटलं. ते कारण होतं की सबब होती, हे मला आजही ठरवता येत नाही.

“तो वेगळा आहे,” मी म्हणालो. “बरणीतला खरंच निरुपद्रवी. मी… यांना तसं सांगितलं होतं. यांना दोन्ही एकच वाटले.”

मी बिराप्पाकडे बोट केलं नाही. पण मान वळवली, आणि तेवढं पुरलं.

बिराप्पा माझ्याकडे बघत होता. पांढरी कशी पडली हे त्यानंच मला सकाळी सांगितलं होतं. त्यानं एकदा स्ट्रेचरकडे बघितलं.

“व्हय डॉक्टर,” तो म्हणाला. “माजाच घोटाळा झाला. सर म्हणलं हुतं दोन येगळ्या हैत म्हणून. मी अडाणी माणूस.”

“अडाणी?” उपळेकर कडाडले. “अरे, तुझ्या अडाणीपणानं पोटची पोर गेली असती आज! मला येऊन सांगतोस, त्याचं काय नाही म्हणून?”

“चुकलं, डॉक्टर.”

उपळेकरांनी हातमोजे काढले. भूल देणाऱ्या डॉक्टरांशी इंग्रजीत काहीतरी बोलले. मग त्यांनी नर्सला स्नायू सैल करणारी कॅल्शियमची इंजेक्शनं आणायला सांगितली आणि शिरेतून स्वतः, अगदी सावकाश, घड्याळाकडे बघत द्यायला सुरुवात केली. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. बनव्वा भिंतीला टेकून ‘बिरोबा, बिरोबा’ म्हणत होती. दहा मिनिटं. पंधरा. मला वाटत होतं, आता ते मान हलवतील, आता म्हणतील, न्या आत.

उपळेकरांनी तिच्या पोटावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग दाबून बघितला. त्यांची बोटं आत गेली.

“सैल पडतंय,” ते म्हणाले. आणि मग, इतक्या हळू की तो त्यांचा आवाज वाटेना, “मी हिला उघडणार होतो.”

तायव्वानं गुडघे लांब केले. सकाळपासून पहिल्यांदाच.

तिला तीन दिवस ठेवून घेतलं. मधे दोनदा कळा परतल्या, दोनदा इंजेक्शन दिलं. मी रोज जात होतो, व्हरांड्यातूनच बघून परतत होतो. तिसऱ्या दिवशी नर्सनं सांगितलं, ती बोलावतेय.

ती उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे स्वच्छ.

“सर, माजा सासरा आलाय. भायेर लिंबाखाली बसलाय. घिऊन चाललाय मला.”

“छान झालं.”

“म्हणतोय, आता म्हायेर बंद. ज्या बापानं कातिणीला हात लावाय शिकवलं, त्याच्या दारात सून पाठवायची न्हाई. समद्या वस्तीत झालंय, बिराप्पानं पोर मारली असती म्हणून. आई बी बोलत न्हाई त्यांच्यासंगं.”

मी दाराकडे वळलो.

“मला कळा येत हुत्या, सर,” ती म्हणाली. “बहिरी न्हवते झाले. आमच्या माळावर काळी कातीण एकच, हे मला बी म्हाईत हाय.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. तसं काही होत नाही. खोलीत औषधाचा वास होता, बाहेर कोणीतरी बादली सरकवत होतं.

“मी आता काय करू, तायव्वा?”

“त्यांनी तुमच्यासाठी सांगितलं. तुमी त्यांच्यासाठी सांगा.”

लिंबाखाली तिचा सासरा मायाप्पा बसला होता. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडं. दहा पावलांवर बिराप्पा उकिडवा बसला होता, कुणी बोलावलं तर उठता यावं असा. मला येताना बघून मायाप्पा उठून उभा राहिला आणि त्यानं घोंगडं जमिनीवर पसरलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

मी सांगितलं. पांढरा पडलेला पट्टा सांगितला, चिठ्ठी सांगितली. सूक्ष्मदर्शकाखाली मला काय दिसलं होतं आणि मी ते का मानलं नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांपुढं मी खोटं बोललो आणि बिराप्पांनी ते आपल्यावर घेतलं, हे सांगताना माझा आवाज तीनदा अडकला. बिराप्पा मधेच म्हणाला, “सर, ऱ्हाऊ द्या की.” मी थांबलो नाही. आयुष्यात मी इतका वेळ कुणापुढं उभं राहून बोललो नव्हतो.

मायाप्पानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग त्यानं बिराप्पाकडे वळून बघितलं.

“बगितलंस का, बिरा? तुजी चूक मालक सोताच्या अंगावर घ्याया लागलाय. एवडा शिकल्याला माणूस. नशीब लागतं असलं मालक मिळाय.”

“नाही हो,” मी म्हणालो. “खरंच माझीच…”

“असू द्या, सर. आमाला कळतंय.” त्याचे डोळे भरून आले होते. “तुमी पोरीचा जीव वाचवला आणि वर ह्याची अब्रू बी वाचवाय आला. तुमच्या शब्दासाठी पोरगी संक्रांतीला म्हायेरी धाडतो. झालं?”

त्यानं माझ्यापुढं हात जोडले. बिराप्पानंही जोडले. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती. मुलगी माहेरी येणार होती, त्याला तेवढंच हवं होतं. मलाही वाटलं, झालं की. सांगायचं ते सांगितलं. कामही झालं. आता जाता येईल.

मी वळलो. तायव्वा दाराला धरून उभी होती. नर्स तिला आत चल म्हणत होती, ती जात नव्हती.

“सर,” ती म्हणाली. आवाज अजून अशक्त होता, पण अंगणभर ऐकू आला. “मामास्नी कळलं न्हाई. परत सांगा.”

मायाप्पानं चमकून तिच्याकडे बघितलं. बिराप्पाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं मला मानेनंच नको नको केलं.

मायाप्पाचे हात अजून जोडलेलेच होते. मी त्याच्यासमोर मातीत बसलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.